माऊ म्हणजे नेमकं कोण? जावयाला कसं समजावू?

मिरजेच्या काकू:

नमस्कार मंडळी. माझा जावई मूळचा कोलकात्याचा, नोकरी पुण्यात. लग्नानंतर मराठी शिकायचं त्याने मनावर घेतलंय आणि अगदी मन लावून शिकतोय. क्लासबिस काही नाही. कानावर पडेल तो शब्द वहीत टिपून ठेवतो आणि रात्री जेवणं झाली की मला फोन करतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘आई, हा शब्द कुणाशी बोलायचा आणि कुणाशी नाही?’ अर्थ तो त्यानंतर विचारतो. मला त्याचं हे फार आवडतं, म्हणून उत्तर देताना वेळ मारून नेत नाही.

आता त्याच्या वहीत ‘माऊ’ आलीय आणि मी अडकलेय.

पहिल्यांदा त्याने हा शब्द ऐकला तो त्यांच्या जिन्यात बसणाऱ्या पांढऱ्या मांजरीसाठी. वहीत लिहिलं, माऊ म्हणजे मांजर. सरळ होतं. मग मी फोनवर मुलीला विचारलं, ‘माऊ जेवली का गं?’ मी विचारत होते नातीचं. तो म्हणाला, बरं, म्हणजे लहान मुलीलाही म्हणतात. तेही लिहिलं. मग माझ्या धाकट्या बहिणीचा विषय निघाला. तिला आमच्याकडची सगळी भाचरं लहानपणापासून माऊ म्हणतात, आता त्यांची लग्नं झाली तरी माऊच. ‘रविवारी माऊ येतेय, तिला कारल्याची भाजी आवडते’ हे वाक्य ऐकून तो बिचारा गप्पच बसला. त्यात ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी फोनवर कुणाला तरी ‘अरे माऊ, रागावू नकोस ना’ म्हणाली. ‘अरे’ म्हणजे पलीकडे मुलगा होता, एवढं त्याला आता कळतं.

इथवर मी कसंबसं सांगितलं. पण परवा आमच्याकडे कुणीतरी एका ओळखीच्या गृहस्थांबद्दल बोललं, ‘तो काय, बायकोच्या ताटाखालचं मांजर.’ जावयाने लगेच विचारलं, ‘इथे ताटाखालची माऊ का नाही म्हणायचं?’ नाही म्हणत, हे मला छातीठोक माहीत आहे. का नाही म्हणत, ते सांगता येईना. शिवाय त्याचा व्याकरणाचा प्रश्न आहेच. ते मांजर, ती मांजर, तो बोका, ती माऊ, असे सगळे प्रकार त्याने आमच्याच घरात ऐकलेत. आणि दोन असल्या तर काय म्हणायचं? दोन माऊ? दोन माव्या?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. मी तुमची उत्तरं त्याला वाचून दाखवणार आहे.

वाईचे मास्तर:

ताई, तुमच्या जावईबापूंचा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. शाळेत मी कित्येक वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. शब्दाचा अर्थ विचारणारी मुलं पुष्कळ भेटली. हा कुणाशी बोलायचा, असं विचारणारी फार थोडी. आणि ‘माऊ’चं सगळं रहस्य त्याच प्रश्नात आहे.

मांजराला आपण एकाच दिवसात चार नावांनी बोलतो. सकाळी पातेल्याचं झाकण बाजूला पडलेलं दिसलं की ‘मांजराने तोंड घातलं’. तेच जनावर दुपारी पायात घोटाळायला लागलं की ‘काय गं मने, भूक लागली?’ नातवाला कडेवर घेऊन दाखवायचं झालं की ‘ती बघ माऊ’. आणि रात्री कौलांवर गुरगुर सुरू झाली की ‘बोके आले वाटतं’. प्राणी बदललेला नाही. बोलणाऱ्याचं मन बदललंय. तक्रार करायची, बातमी सांगायची तर मांजर. हाक मारायची तर मनी. लाड करायचे किंवा लहान मुलाला ओळख करून द्यायची तर माऊ. ‘माऊने दूध सांडलं’ असं रागाने म्हणून पाहा. म्हणताच येत नाही. माऊ म्हटलं की राग निम्मा उतरलेला असतो.

आता हा शब्द आला कुठून. चिऊ, काऊ, माऊ, भूभू, हम्मा ही मराठी बाळाची पहिली शब्दसंपत्ती. भरवताना आपण म्हणतो, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास माऊचा. यातला प्रत्येक शब्द त्या त्या प्राण्याच्या आवाजातून घेतलेला आहे. चिवचिव करते ती चिऊ, कावकाव करतो तो काऊ, म्यांव करते ती माऊ. म्हणजे बाळाला आधी आवाज ओळखू येतो आणि आवाज हेच नाव होतं. शेवटचा ‘ऊ’ मात्र आपल्या मराठीचा. तो लाडाचा ऊ आहे. सदाशिवचा सदू होतो, बाळकृष्णाचा बाळू होतो, तोच हा. चिमणी, कावळा, मांजर हे शब्द बाळ पुढे शाळेत जाताना शिकतं.

‘ताटाखालचं मांजर’ याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण इथे मराठीची एक फार सुंदर खोड दिसते.

पूर्वी जेवणं पाटावर बसून होत. ताट जमिनीवर, आणि त्याच्या कडेला मांजर. पुढचे पाय जुळवून, शेपूट त्यांच्याभोवती गुंडाळून बसलेलं असतं. त्याची नजर ताटावर नसते, हातावर असते. हात तोंडाकडे गेला की मान वर, हात खाली आला की मान खाली. जेवणाऱ्याने भाताचं एक शीत टाकलं तरी पुरे. दुसऱ्याच्या हाताकडे असं बघत जगणारा माणूस म्हणजे ताटाखालचं मांजर. हे हिणवणं आहे. हिणवण्यासाठी मराठीला नपुंसकलिंग फार उपयोगी पडतं. ‘काय ते ध्यान’, ‘कुठे उलथलंय ते कार्टं’, ‘येडं कुठलं’. चांगल्या बाप्या माणसाला आपण ‘ते’ करून टाकतो. ‘मांजर’ हा शब्द मुळातच नपुंसकलिंगी, त्यामुळे तो या कामाला अगदी तयार. गंमत म्हणजे हेच नपुंसकलिंग आपण मायेलाही वापरतो. ते लेकरू, ते बाळ, ते पिल्लू. पण ‘माऊ’ हा शब्द एकाच बाजूचा आहे. त्यात माया भरलेली आहे, तिरस्काराला जागाच नाही. म्हणून ताटाखाली माऊ बसू शकत नाही. ती मांडीवर बसते.

बाकीच्या म्हणीही पाहा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, उंदराला मांजर साक्ष, मांजर डोळे मिटून दूध पितं, शिंकं तुटलं अन् बोक्याचं फावलं. सगळीकडे मांजर नाहीतर बोका. एकाही म्हणीत माऊ नाही. म्हणी मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना सुनावण्यासाठी केल्या, आणि माऊ त्या बोलण्यात नव्हतीच.

लिंगाचं सांगतो. जातीबद्दल बोलताना ‘ते मांजर’. मादी म्हणून माहीत असेल तर ‘ती मांजर’ किंवा ‘ती मांजरी’. नर तो बोका. अनेकवचन अनुक्रमे मांजरं, मांजरी आणि बोके. जावईबापूंनी ऐकलेलं सगळंच बरोबर आहे. उच्चार मात्र त्यांच्याकडून घोटून घ्या. मांजरातला ‘ज’ जहाजातला आहे, जेवणातला नव्हे. बंगालीभाषक माणसाला तिथे थोडी मेहनत पडेल.

‘माऊ’चं अनेकवचन हा खरोखर छान प्रश्न आहे. ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा आपला नियम असा, की जाऊ-जावा, सासू-सासवा, जळू-जळवा, ऊ-उवा. त्या हिशेबाने माऊचं ‘मावा’ व्हायला हवं. पण तसं कोणी म्हणत नाही. आपण ‘दोन माऊ’ म्हणतो, ‘माऊंना दूध दे’ म्हणतो. कारण हा शब्द जवळजवळ विशेषनामासारखा वागतो. घरात दोन सदू असले तर आपण ‘दोन सदू’च म्हणतो ना, तसंच.

देवगडचो:

मास्तरांनी सगळं सांगितलंच आहे. आमच्या किनाऱ्याकडचं थोडं.

आमच्याकडे माऊ फक्त पोरांपुरती. मोठ्या माणसाच्या तोंडी माजर. अनेक असली तर माजरां. नर असला तर बोको. नाव ठेवायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही, पण मांजराशी बोलणं दिवसभर चालू असतं. आणि ते कसं चालतं ते बघायचं तर मासे कापायच्या वेळी मागीलदारी बसावं.

माझी आई आडाळ्यावर बांगडे कापते. (आडाळो म्हणजे विळी.) घरचं मांजर हाताच्या टप्प्याच्या जरासं बाहेर येऊन बसतं. ओरडत नाही, झेप घेत नाही. आई आधी कल्ले काढते आणि न बघता डाव्या बाजूला टाकते. ते मांजराचे. पोटातली घाणही त्याचीच. गाबोळी (माशाची अंडी) निघाली तर मात्र ती आई वाटीत काढून ठेवते, आणि त्या वेळी मांजर अर्धा पाऊल पुढे येतं. तेव्हा आई म्हणते, ‘थांब गो बाये, देतंय.’ या ‘बाये’मध्ये तुमची माऊ आहे, असं मला वाटतं. आणि शेजारचा दांडगा बोका कुंपणावरून उतरला की त्याच आईच्या तोंडून, त्याच दमात, ‘हड मेल्या, इलो परत!’ माजरीण बाय आणि बोको मेलो. लहानपणापासून मी हेच ऐकत आलोय.

अजून एक. आमच्याकडे मांजर हा शब्द रानातल्या आणि पाण्यातल्या जनावरांनाही लागतो. खाडीत पाणमांजर असतं, ऊदही म्हणतात त्याला. ते मांजराच्या कुळातलं नव्हे, पण नावाने मांजर. रानमांजर ते बाऊल. बिबळ्यासारखी ठिपक्यांची छोटी ती वाघाटी. यांच्यापैकी कोणालाही आजतागायत कोणी माऊ म्हटलेलं मी ऐकलं नाही. माऊ व्हायला घरात यावं लागतं.

गॅलरीतली रोपं:

काकू, मी तुमच्या जावयांच्या वयाची, पुण्यातच असते, म्हणून आमच्या वयातलं सांगते. माझ्या ओळखीत प्रियकर-प्रेयसी एकमेकांना माऊ म्हणतात, मैत्रिणी मैत्रिणींना म्हणतात, आणि एखादा माणूस स्वभावाने अगदी मऊ असेल तर ‘तो ना, माऊ आहे अगदी’ असंही म्हणतात. इथे मऊ आणि माऊ हे दोन शब्द एकमेकांना चिकटतात. मांजराचं अंग मऊ, त्यामुळे हे होणारच होतं.

पण जावयांना एक जरूर सांगा. ऑफिसात कुणा बाईला माऊ म्हणायचं नाही. कितीही मैत्री असली तरी, आणि इतर कुणी म्हणत असलं तरी. ज्याला आपण माऊ म्हणतो त्याला आपण लहान करून कुशीत घेतो. जिथे समोरच्याने स्वतःहून लहान व्हायचं ठरवलंय तिथेच ते शोभतं. आमच्या टीममधल्या एका मुलीला एक वरिष्ठ मीटिंगमध्ये माऊ म्हणाले, आणि ती दिवसभर अस्वस्थ होती. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. तिचं काम मोठं होतं आणि शब्दाने तिला छोटं केलं.

मास्तर म्हणाले ना, शब्द बोलणाऱ्याचं मन सांगतो, ते मी रोज आमच्या सोसायटीत बघते. आमच्या आवारात मांजरं आहेत. काही जण त्यांना खाऊ घालतात, मीही घालते. काहींना ते अजिबात चालत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन्हीकडून मेसेज येतात, आणि पहिलाच शब्द वाचला की मेसेज कुठल्या बाजूचा ते कळतं. ‘भटक्या मांजरांचा उपद्रव वाढला आहे, पार्किंगमध्ये घाण होत आहे’ हा एका बाजूचा. ‘बी विंगखाली तीन पायांवर चालणारी एक माऊ दिसली, कुणी बघितली का?’ हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही मेसेज एकाच जनावराबद्दल असू शकतात, आणि एकदा तर तसं होतंच.

मी हळूहळू असं शिकलेय की समितीला पत्र लिहिताना ‘माऊ’ लिहायचंच नाही. ‘आवारातील मांजरे’ असं लिहायचं. त्यांची नसबंदी झाली आहे, ओळख म्हणून कानाचं टोक कापलेलं आहे, खाणं ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी दिलं जातं आणि नंतर ती जागा धुतली जाते, हे सगळं नीट मांडायचं. असं पत्र लोक वाचतात. ‘आमच्या माऊंना त्रास देऊ नका’ एवढंच लिहिलं तर ज्यांना मांजरं आवडत नाहीत त्यांना वाटतं, यांच्याशी बोलून काही उपयोग नाही. माऊ हा शब्द ज्याच्या मनात माया आहे त्यालाच ऐकू येतो. ज्यांच्या मनात नाही, त्यांच्याशी बोलायला मांजर हाच शब्द हवा, आणि त्यांच्याशी बोलावंच लागतं, कारण आवार त्यांचंही आहे.

नवा सभासद:

माऊ हा शब्द ‘माउली’वरून आला असं मी कुठेतरी वाचलंय. मांजरी पिल्लांना फार जपते, म्हणून ती माऊ. हे बरोबर आहे का? काकूंच्या बहिणीलाही माऊ म्हणतात म्हणजे आईच्या जागचीच ना.

वाईचे मास्तर:

नव्या सभासदांची शंका रास्त आहे, पण इथे दोन वेगळ्या वाटा एका चौकात आल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहू.

मावशी हा शब्द संस्कृत ‘मातृष्वसा’, म्हणजे आईची बहीण, यावरून प्राकृतातून आपल्याकडे आला. आमच्या भागात अजूनही पुष्कळ घरांत ‘माउशी’ असाच उच्चार ऐकू येतो. लहान मूल त्यातलं पहिलं तेवढं उचलतं आणि माऊ म्हणतं. माउलीही मातेच्याच कुळातली. तेव्हा काकूंच्या भगिनी ज्या माऊ आहेत त्या आईच्या बाजूने आलेल्या माऊ. मांजर जी माऊ आहे ती म्यांवच्या बाजूने आलेली. उच्चार एकच झाला एवढंच. बाळाच्या तोंडात शब्द असेच एकमेकांत मिसळतात, आणि बाळाला त्याने काही अडत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही माऊ उबदारच.

तरीही मराठी माणसाने ही दोन नाती आधीच जोडून ठेवलेली आहेत. मांजर म्हणजे वाघाची मावशी! वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तेव्हा जावईबापूंना सांगा, की मावशीला माऊ म्हणणं आणि मांजराला मावशी म्हणणं, दोन्ही आपल्याकडे चालतं.

पिल्लांना जपण्याचं म्हणाल तर ते खरंच आहे, आणि त्यावर आपल्याकडे मोठा विचार झालेला आहे. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, असं आपण म्हणतो. ज्या दातांनी ती उंदीर फाडते त्याच दातांत पिल्लाची मान धरून ती सात घरं फिरते, आणि पिल्लू अंग सैल सोडून निवांत लोंबत असतं. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी यावरून मार्जारन्याय सांगितला. माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला उचलते. देवाने आपल्याला तसं उचलावं की आपण त्याला धरून ठेवावं, यावरून त्यांच्यात तेंगलै आणि वडगलै असे दोन पंथ पडले. तेंगलै मांजराच्या बाजूचे.

संस्कृतचा विषय निघालाच आहे तर अमरकोशातली ओळ देतो. ‘ओतुर्बिडालो मार्जारो वृषदंशक आखुभुक्.’ मांजराची पाच नावं एका ओळीत. आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा, मार्जार म्हणजे स्वतःला सतत पुसून साफ ठेवणारा. मृज् म्हणजे पुसणं, आपल्या ‘मार्जना’त तोच धातू आहे. या मार्जाराचं आपलं मांजर झालं. ‘ओतु’ मात्र मराठीत उतरला नाही याची मला नेहमी हळहळ वाटते. व्याकरणात संधीचं एक उदाहरण आहे, ‘स्थूलोतु’, म्हणजे लठ्ठ मांजर. वर्गात हे उदाहरण आलं की मागच्या बाकावरचीही मुलं माना वर करत, आणि तो संधी कोणी कधी विसरत नसे.

बेळगावी कुंदा:

आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी कानडी. कानडीत मांजराला बेक्कु म्हणतात. आमच्या घरच्या मांजराला दोन्ही नावं कळतात, कारण ते दोन्ही घरांत जेवतं. लहान मुलांना मात्र आम्हीही माऊच दाखवतो.

बोक्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोका हा शब्द माणसाला लावला की त्याचे अर्थ फिरतात. गुबगुबीत मुलाला आजी ‘बोक्या’ म्हणाली तर तो लाड. आयतं खाऊन सुस्तावलेल्या बाप्याला ‘बोका झालाय नुसता’ म्हटलं तर ती शिवी नाही, पण कौतुकही नाही. आणि ढोंगी माणसासाठी ‘बोकेसंन्यासी’ असा एक जुना शब्द आमचे आजोबा वापरायचे. मामल्लपुरमला सातव्या शतकातलं ते प्रचंड मोठं शिल्प आहे ना, शेजारशेजारच्या दोन अख्ख्या कातळांवर कोरलेलं, त्यात खाली एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर जोडून तप करतंय, आणि आजूबाजूला उंदीर जमलेत. मी ते बघितलं तेव्हा आजोबांचा शब्द डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमच्या जावयांना हा शब्द जरूर द्या, पण वापरताना माणूस समोर नसावा.

मिरजेच्या काकू:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोनवर मी तुमचं सगळं वाचून दाखवलं. देवगडकरांच्या आईंचं ‘थांब गो बाये’ तर त्याने मला परत परत म्हणायला लावलं. गॅलरीतल्या ताईंनी ऑफिसबद्दल जे लिहिलं ते त्याने पहिल्यांदा लिहून घेतलं, आणि मलाही वाटतं ते कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं होतं.

आता त्याने सांगितलेलं तुम्हाला सांगते. त्यांच्याकडे बंगालीत मांजरीला मेनी म्हणतात! आपली मनी आणि त्यांची मेनी. बोक्याला त्यांच्याकडे हुलो. तो म्हणाला, ‘आई, मनी मला शिकावी लागणार नाही, ती घरचीच आहे.’

आणि दुसरी गोष्ट ऐकून मी थक्क झाले. त्यांच्याकडे ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला जमाईषष्ठी असते. त्या दिवशी सासू जावयाला घरी बोलावून पोटभर जेवायला घालते. ही षष्ठी म्हणजे मुलाबाळांचं रक्षण करणारी देवी, आणि तिचं वाहन मांजर. तिच्या व्रताची कथा अशी, की एका घरातली धाकटी सून चोरून खायची आणि नाव मांजराचं घ्यायची. मांजराने जाऊन देवीकडे गाऱ्हाणं केलं, आणि पुढे सुनेला मूल झालं की मांजर ते उचलून देवीपाशी नेऊ लागलं. सुनेने चूक कबूल करून क्षमा मागितली तेव्हा मुलं परत मिळाली. मास्तर, तुम्ही लिहिलंत ना, पातेल्याचं झाकण सरकलेलं दिसलं की ‘मांजराने तोंड घातलं’, ते वाचताना त्याला ही कथा आठवली. मांजराचं नाव उगाच घेऊ नये, असं त्याची आई सांगायची म्हणे.

तेव्हा यंदा ज्येष्ठात मी त्याला मिरजेला बोलावलंय. मासे मला जमत नाहीत, पण पुरणपोळी आणि कटाची आमटी करीन.

एक प्रश्न राहिला. माझ्या बहिणीला त्याने काय म्हणायचं? बायकोची मावशी ती त्याची मावशी, हे ठीक. पण माऊ म्हणू का, असं तो विचारतोय. भाचरं म्हणतात ते वेगळं. हा जावई, त्यातून नवा.

वाईचे मास्तर:

ताई, आपल्याकडेही ते धागे आहेत. बाळाच्या जन्मानंतर आपण सटवाई पुजतो ती षष्ठीच. आणि मांजर मारू नये, हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हे आमच्या आजीने आम्हाला दटावून सांगितलेलं. दोन्ही प्रांतांनी मांजराला अशी दैवी पाठराखण दिली आहे.

बहिणीबद्दल माझं मत असं. लाडाचं नाव मोठ्या माणसाचं असेल तर ते धाकट्याने आपणहून घेऊ नये, त्यांनी द्यावं. जावईबापूंनी आधी ‘मावशी’ म्हणावं आणि ‘अहो’ वापरावं. त्यांनी स्वतः सांगितलं की मग माऊ म्हणावं. माऊला ‘अहो’ शोभत नाही, तेव्हा त्याबरोबर ‘अगं’ही येईल, याची तयारी दोघांनी ठेवावी.

देवगडचो:

मास्तरांशी सहमत. आमच्याकडे तर जावयाने पहिल्या वर्षी मावशीशी जपूनच बोलायचं असतं. एकदा मासे खाऊ घातले की मग सगळं आपोआप सैल होतं.

मिरजेच्या काकू:

मास्तर, तुमचं उत्तर वाचल्यावर मी बहिणीलाच फोन लावला. ती म्हणाली, ‘मावशी म्हणाला तर मी ओ देणार नाही. आणि अहोजाहो तर मुळीच नको.’ ते तसंच जावयाला कळवलंय. ‘अगं माऊ’ म्हणताना जीभ अडखळते म्हणतोय, सध्या नातीसमोर म्हणून सराव चाललाय.

त्याच्या वहीतला पुढचा शब्द ‘लाडोबा’ आहे. त्याचा वेगळा धागा काढते.